कोरडी पिशवी, ओली पिशवी



प्लास्टिकच्या पिशव्यांवरची बंदी हा आपल्या मंडयांमधला जुना वाद आहे. गिऱ्हाईक म्हणतं, भाजीवालेच पिशव्या देतात. भाजीवाले म्हणतात, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येतं. पालिकेची गाडी आली की पिशव्या गाळ्याखाली जातात आणि गाडी गेली की पुन्हा वर येतात. या वादात आपण सगळ्या पिशव्यांचा विचार एकाच मापाने करतो आणि घोडं तिथेच अडतं, असं माझं ठाम मत आहे. कोरड्या मालाची पिशवी वेगळी आणि ओल्या मालाची वेगळी.

आधी थोडा इतिहास पाहू. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मुंबई बुडाली. गटारं तुंबण्यात पिशव्यांचाही हात होता, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर राज्यात 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. पण हातगाडीवर उभं राहून मायक्रॉन मोजणार कोण? पुढे 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने राज्य सरकारने हातात धरून न्यायच्या पिशव्यांवर सरसकट बंदी घातली. उत्पादक न्यायालयात गेले, पण उच्च न्यायालयाने स्थगिती दिली नाही. 23 जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडलं तर 5,000 रुपये, तिसऱ्यांदा 25,000 आणि शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद.

ते पहिले दिवस आठवून पाहा. माळ्यावरच्या कापडी पिशव्या खाली आल्या होत्या, जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून देणाऱ्या बचत गटांना कामं मिळाली होती. म्हणजे सवय बदलत होती. पण आठवडाभरातच किराणा मालाच्या वेष्टनाला सवलत मिळाली. पुढे केंद्राच्या नियमांनी 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनची मर्यादा आणली. राज्याचा नियम एक, केंद्राचा दुसरा. यात सामान्य विक्रेत्याने काय समजायचं?

आता मंडईत या. भाजीवाल्या मावशींच्या तराजूजवळ खिळ्याला पिशव्यांचा गठ्ठा टांगलेला असतो. त्या बोट ओलं करून एक पिशवी ओढतात, फुंकर मारून तिचं तोंड उघडतात आणि पाव किलो मिरच्या आत टाकतात. या पिशव्या त्यांनी किलोच्या भावाने स्वतःच्या पैशांनी आणलेल्या असतात. ‘नाही दिली तर गिऱ्हाईक पुढच्या गाळ्यावर जातं हो,’ असं त्या सांगतात तेव्हा त्या खरंच बोलत असतात. दिवसाची कमाई पाच-सातशे रुपयांची असेल, तर 5,000 रुपयांचा दंड हा अन्याय आहे. पिशवी जिथे गोणीने बनते आणि गोणीने विकली जाते, तिथे कारवाई आधी व्हायला हवी.

पण मिरच्यांना, कांद्या-बटाट्याला, बांधलेल्या मेथीच्या जुडीला ही पिशवी लागतेच कुठे? हा कोरडा माल. तो एका कापडी पिशवीत एकत्र आला तरी घरी निवडताना वेगळा होतोच. इथे बंदी पूर्ण आणि कडक असावी, यात मला तिळमात्र शंका नाही.

खरी अडचण आहे ती दही, पनीर, मटण, मासळी आणि हॉटेलातून आणलेल्या सांबाराची. इथे कापड चालत नाही आणि कागद दोन मिनिटांत फाटतो. बंदीच्या विरोधकांची ही तक्रार रास्त आहे, ती झटकून टाकू नये.

आणि सर्वांत वाईट नुकसान याच पिशव्या करतात. दुधाची पिशवी जाड असते, धुता येते, तिला भंगारात भाव आहे, म्हणून ती कचरावेचक बाया उचलतात. सांबाराने माखलेली पातळ पिशवी कुणी उचलत नाही. किलोभर वजन भरायला अशा पिशव्या शेकड्याने लागतात, आणि घाण धुणार कोण? तिच्यातच आपण उरलंसुरलं अन्न भरतो, गाठ मारतो आणि कोपऱ्यावर टाकतो. गाईला अन्नाचा वास येतो, गाठ तिला सोडता येत नाही, मग ती अख्खी पिशवी गिळते. पिशव्यांचा गोळा कोठीपोटात साठत जातो. जनावराचं पोट भरल्यासारखं दिसतं, पण ते खंगत जातं. पोट फाडून असे गोळे काढण्याची वेळ गुरांच्या डॉक्टरांवर नेहमी येते.

ओल्या मालाला उपाय एकच, डबा. आपल्या आधीच्या पिढ्या दह्याला घरचं भांडं नेत होत्याच. आज लोक डबा का नेत नाहीत? मी डेअरीत पाहते, डबा पुढे केला की काउंटरवरचा मुलगा गोंधळतो. डब्याचं वजन वजा कसं करायचं, मागे रांग लागलेली, मग तो सरळ पिशवीच बांधून देतो. खरं तर इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामा डबा ठेवून एक बटण दाबलं की आकडा शून्यावर येतो. ते बटण त्या काट्यावर असतंच.

म्हणून माझी पालिकेकडे मागणी आहे. दही, पनीर, मटण आणि मासळीच्या प्रत्येक दुकानात ठळक पाटी लावणं सक्तीचं करा: ‘आपला डबा आणा, डब्याचं वजन वजा करून माल मिळेल.’ आणि जो दुकानदार डबा नाकारेल, पहिला दंड त्याला करा.