राघूची वही



आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे तो माझा नाही. माझ्या भाच्याचा आहे. राहतो मात्र तो माझ्या पांढुर्ण्याच्या घरी, मागच्या पडवीत. नाव राघू. जात कॉकॅटील, एक पोपटच. राखाडी अंग, पिवळं डोकं, गालावर शेंदरी टिकली आणि डोक्यावर तुरा. भ्याला की तुरा ताठ उभा राहतो, निवांत असला की मागे कलतो. त्याचं मन वाचायला मी त्या तुऱ्यावरूनच शिकले.

भाचा सौंसरचा. संत्र्याच्या व्यापारात आहे. झाडावरची बाग विकत घ्यायची, तोडा करायचा, माल भरायचा आणि गाडीसोबत मंडीपर्यंत जायचं, हे त्याचं काम. आंबिया बहाराचा तोडा ऑक्टोबरपासून चालतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चात. मधल्या महिन्यांतही वरुड, काटोल, आमच्या पांढुर्ण्याकडच्या बागा पाहत फिरणं असतंच. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, गेल्यावर त्या घरात बोलायला कोणी उरलं नाही. बदली झालेल्या एका मित्राकडून त्याने राघूला घेतलं. घरात पाऊल टाकल्यावर कोणीतरी आवाज द्यावा, एवढंच त्याला हवं होतं. ज्याला रोज घरी परतता येत नाही त्याने पाखरू पाळू नये, असं मला लोकांनी सांगितलं. मला ते पटलं नाही. तो घरी आला की काय होतं, ते मी पाहिलं होतं.

पहिल्यांदा पिंजरा माझ्याकडे ठेवला तेव्हा त्याने दाण्याची थैली हातात दिली आणि म्हणाला, "मावशी, वाटी भरलेली राह्यली पायजे, बाकी काही नाही." मी वाटी रोज पाहत होते. भरलेली होती. चौथ्या दिवशी राघू पिंजऱ्याच्या तळाशी अंग फुगवून बसलेला दिसला. वाटीत बोट घातलं तेव्हा कळलं, वर सगळी फोलपटं होती. पोपट दाणा सोलून आतला गर खातो आणि टरफल त्याच वाटीत टाकतो. लांबून वाटी काठोकाठ दिसते आणि पाखरू उपाशी असतं. त्या दिवशी मला जे वाटलं ते आज बोलतानाही घशाशी येतं.

नागपूरला नेला. पाखरांचं दुखणं जाणणारा डॉक्टर आमच्याकडे मिळणं कठीण, नागपूरच गाठावं लागतं. डॉक्टरांनी समजावलं की पक्षी आजार लपवतो. कळपात जो मलूल दिसेल त्याच्यावर शिकाऱ्याची नजर आधी जाते, म्हणून शक्य तितके दिवस तो धडधाकट असल्यासारखाच वागतो. आपल्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे डोळ्यांवर न विसंबता काट्यावर विसंबायचं. त्या दिवशी राघूचं वजन 78 ग्रॅम भरलं. महिन्याभराने 92 झालं.

तेव्हापासून वही सुरू झाली. मी शाळेत बत्तीस वर्षं हजेरीपट भरले, तसलाच एक पट आखला. तारीख, सकाळचं वजन, किती खाल्लं, विष्ठा कशी, झोप किती, आणि शेवटी "विशेष". पिंजरा जिथे जायचा तिथे वही जायची. माझं अक्षर, मग भाच्याचं अक्षर, मग पुन्हा माझं. फुंकर मारून फोलपटं उडवायची, हे पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं आहे. दुसऱ्या पानावर आहे ते वाद होऊन ठरलेलं. तो राघूला नुसता दाणा घालायचा, लाडाने सूर्यफुलाच्या बियाही. नुसत्या बियांवर वाढलेल्या पोपटाला जीवनसत्त्व अ आणि कॅल्शियम कमी पडतं आणि यकृतावर चरबी चढते. मी शेवग्याचा पाला, कोथिंबीर, गाजराचा कीस, भिजवून मोड आणलेली ज्वारी सुरू केली. तीन आठवडे राघूने शेवग्याला चोच लावली नाही. भाचा आला की दाण्याची वाटी भरायचा आणि माझे तीन आठवडे पाण्यात जायचे. एकदा मी रागावून बोलले. तो म्हणाला, "मावशी, मी चार दिवसासाठी येतो, त्यातही त्याले उपाशी ठेवू का?" त्याचं दुखणं मला समजलं. बऱ्याच दिवसांनी घरी येणाऱ्या बापाने लेकरांना खाऊ आणावा तसं ते होतं. शेवटी ठरलं की सूर्यफुलाच्या बिया फक्त त्यानेच द्यायच्या, हातावर, दिवसाला पाच, आणि मी कधीच द्यायच्या नाहीत. तो खाऊ त्याचा. हे ठरल्यावर घरातला ताण गेला.

दुसरी चूक आम्ही दोघांनी मिळून केली. न्याय व्हावा म्हणून पिंजरा हलवत राहिलो. तो आला की सौंसर, तो गेला की पांढुर्णा. बसमध्ये, मांडीवर, चादर पांघरून. प्रत्येक फेरीनंतर वहीत वजन तीन-चार ग्रॅमने उतरलेलं आणि "विशेष"मध्ये "रात्री फडफडला". कॉकॅटील रात्री अंधारात दचकतात आणि पिंजऱ्याच्या सळ्यांवर आपटून पंख रक्तबंबाळ करून घेतात, हे या जातीचं ठाऊक असलेलं दुखणं. नव्या जागेत ते वाढतं. शेवटी भाच्यानेच निर्णय घेतला की पिंजरा पडवीतच राहील आणि तो आल्यावर माझ्याकडे मुक्काम करील. पडवीत रात्रभर एक मंद दिवा असतो. माझ्याकडे राघू आहे म्हणून भाचाही आहे, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. आंबियाच्या तोड्यानंतर एकदा तो बावीस दिवसांनी आला. हात पुढे केला आणि राघूने कडकडून चावा घेतला. बोटातून रक्त आलं. त्याचं त्याला काही नव्हतं. "हा मले ओयखत नाही का वं मावशी?" असं विचारताना त्याचा चेहरा मला पाहवेना. त्या रात्री मी झोपले नाही. बावीस दिवस मी राघूला खाऊ घातलं, बोलले, खांद्यावर बसवलं. पण भाच्याची जागा मी रिकामी होऊ दिली होती. सांभाळणाऱ्याचं अर्धं काम तिथेच राहून गेलं होतं.

पोपट थव्याने राहणारा. थव्यातला कोणी नजरेआड गेला की तो हाक देतो आणि उत्तर येईपर्यंत देत राहतो. आपण तिला किरकिर म्हणतो आणि पिंजऱ्यावर कापड टाकतो. व्हेनेझुएलात रानातल्या लहानशा पोपटांवर कार्ल बर्ग या अभ्यासकाने काम केलं. 2011 साली ते प्रसिद्ध झालं. तिथले आईबाप घरट्यातल्या प्रत्येक पिल्लाला वेगळी हाक देतात, जवळजवळ नावासारखी, आणि पिल्लू पुढे तीच हाक थोडी बदलून आपली करतं. हे वाचलं आणि भाच्याची शीळ आठवली. फाटकातून आत येताना तो दोन सुरांची शीळ घालतो, पहिला लांब, दुसरा वर चढणारा. राघू तीच परत घालतो. म्हणजे त्या दोघांत ते नावच होतं.

मी शीळ शिकले. बायकांनी शीळ घालू नये, घरात साप येतो, असं आमच्या लहानपणी सांगत. त्रेसष्टाव्या वर्षी मोरीत नळ सोडून सराव केला. आता भाचा नसतो तेव्हा रोज दिवेलागणीला मी त्याची शीळ घालते आणि राघू उत्तर देतो. मग त्याच्या नावाने दोन वाक्यं बोलते, आज कुठे आहे, गाडी कुठवर गेली. फोनवर त्याचा चेहरा दाखवून पाहिला होता. राघू फोनच्या मागे जाऊन शोधायचा आणि नंतर तासभर ओरडायचा, म्हणून ते बंद केलं. फक्त शीळ.

संस्कृतात 'शुकसप्तति' नावाचा कथासंग्रह आहे. मराठीत तो 'शुकबहात्तरी' म्हणून आला, फारसीत 'तूतीनामा' झाला. त्यात व्यापारी परदेशी जातो आणि मागे प्रभावती नावाची त्याची बायको राहते. तिचं मन भलतीकडे वळू नये म्हणून घरातला पोपट रोज रात्री तिला एक गोष्ट सांगतो आणि दारात थोपवून धरतो. घरधनी परत येईपर्यंत पोपट त्याची जागा राखतो. आमच्या घरी तेच काम माझ्याकडे आहे, आणि ते किती नाजूक आहे हे त्या कथाकाराला ठाऊक होतं असं मला मनापासून वाटतं.

एकदा शेजारणीशी बोलताना माझ्या तोंडून "माझा राघू" निघून गेलं. भाचा ओट्यावर होता. काही बोलला नाही, पण त्याने ऐकलं हे मला कळलं. त्या संध्याकाळी आम्ही बसून उरलेलं सगळं ठरवलं. त्याचा फोन लागला नाही तर मी न विचारता नागपूरला न्यायचं. त्यासाठीचे पैसे एका डब्यात वेगळे असतात. पंख कापायचे की नाही, जोडीला दुसरं पाखरू आणायचं की नाही, हे तो ठरवील. आणि कॉकॅटील पंधरा-वीस वर्षं जगतो, मी आज सहासष्ट वर्षांची आहे, म्हणून शेजारची एक मुलगी आतापासून वही लिहायला शिकते आहे. हे तिसरं कलम भाच्याला नको होतं. मी आग्रहाने लिहायला लावलं.

ऐकणाऱ्यांपैकी कोणाकडे पाखरू असेल तर स्वयंपाकघराचं तेवढं सांगते. न चिकटणारा तवा जास्त तापला की त्यातून निघणारा वायू पाखराला मिनिटांत मारतो. आपल्याला वासही येत नाही. मी लोखंडी तव्यावर आले. धूप, अगरबत्ती, डासांची कॉइल पडवीपासून लांब. चहा, चॉकलेट, अवोकाडो चोचीला लागू द्यायचं नाही. मे महिन्यात चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून बसला की तो उन्हाने कासावीस आहे. पसरट ताटलीत पाणी ठेवावं, त्यात तो स्वतः भिजतो.

आणि आपला हिरवा देशी पोपट पाळू नका. गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा झाडाच्या ढोलीतून काढलेलं पिल्लू "राघूले जोडीदार" म्हणून घेऊन आला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने देशी पोपट संरक्षित आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचीत आहे. पाळणं, विकणं, दोन्ही गुन्हा. आम्ही वनविभागाला कळवलं. राघूचं कुळ ऑस्ट्रेलियाचं, पण तो पिंजऱ्यातच जन्मलेला. त्याला सोडून दिलं तर आठवडाभरही टिकणार नाही. हिरव्यांना मात्र आभाळ आहे. संध्याकाळी त्यांचा थवा आमच्या घरावरून ओरडत जातो, तेव्हा राघू तुरा उभारून उत्तर देतो. ते थांबत नाहीत. तो थवा नजरेआड होईपर्यंत मी त्याच्याशेजारी उभी राहते.

परवा पोळा. त्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेक, इकडे पांढुर्णा, तिकडे सावरगाव. दिवसभर ढोल, आरोळ्या, माणसांचा लोंढा. पिंजरा उद्याच आतल्या खोलीत घ्यायचा आहे, खिडकीवर जाड गोधडी, दिवा चालू. भाचा वरुडकडे बाग पाहायला गेला आहे. सकाळी त्याचा फोन आला. माझी विचारपूस केली, मग वजन विचारलं. 91, मी सांगितलं. मग म्हणाला, "मावशी, शीळ झाली का कालची?"

झाली होती. राघूने दोनदा उत्तर दिलं होतं. वहीतलं वाचून दाखवलं.