दारातला दाणा, दारातलं पाणी
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा सारांश)



विषय छोटा आहे. पाखरांना दाणा-पाणी कसं ठेवायचं आणि ते मुलांच्या हातून कसं करून घ्यायचं, एवढंच मी सांगणार आहे.

लेकराला भरवताना आपण चिऊचा-काऊचा घास काढतो. पण ती चिऊ दाखवायची म्हटलं तर आता शोधावी लागते. पूर्वी आपल्या नगर जिल्ह्यात धाब्याची घरं होती. आढ्याच्या सांदीत चिमणी घरटं करायची. आया-बाया अंगणात बाजरी पाखडायच्या, सुपातून सांडलेले दाणे ती टिपायची. सिमेंटच्या घराला सांद नाही आणि दळण आयतं पिशवीतून येतं. त्यात आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात ओढे आटतात. माणसासाठी टँकर येतो, पाखरानं कुठं जायचं?

नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी काम उभं केलं. त्यांच्या पुढाकारानं २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जातो.

आता कृती. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन स्वच्छ धुवा. दोन बाजूंना खिडक्या कापा. कापायचं काम मोठ्यांनी करावं, कडांना चिकटपट्टी मुलांनी लावावी. खिडक्यांखाली आरपार काडी घाला, म्हणजे पाखराला बसता येईल. तळाला बारीक भोकं पाडा, नाहीतर पाणी साचून दाण्याला बुरशी येते. सुतळीनं टांगा, नायलॉनच्या दोऱ्यात पाय अडकतात. मांजराची उडी पोचणार नाही अशी जागा बघा. आत मूठभर बाजरी किंवा तांदळाची कणी टाका. फरसाण, खारट, आंबलेलं काही नको.

पाण्यासाठी मातीची उथळ परळ घ्या. मध्ये एक दगड ठेवा, म्हणजे लहान पाखरू बुडणार नाही. पाणी रोज बदला आणि परळ घासा, म्हणजे डासही होत नाहीत. आणखी एक लक्षात ठेवा: चिमणीची पिल्लं लहानपणी अळ्या-किड्यांवर वाढतात. म्हणून दाण्याच्या जोडीला दारात एखादं झाड हवंच.

काही पोरांच्या हातात बेचकी असते. त्यांना रागावू नका. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनीही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ते ती घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत चौकशीला गेले. तिथं कोणी हाकलून दिलं नाही. सचिव मिलार्ड यांनी कपाटं उघडून पक्षी दाखवले. त्या दिवसापासून मुलाची वाट बदलली. तेव्हा बेचकीवाल्या पोराकडेच परळ भरायचं काम सोपवा. ज्याला आपण रोज पाणी पाजतो, त्याच्यावर दगड उचलत नाही. पहिलं शील तोंडपाठ करणं सोपं आहे. ते हाताला लागलं पाहिजे, आणि हाताला लागतं ते असं.

पहिले आठ-दहा दिवस कदाचित एकही पाखरू फिरकणार नाही. मुलं कंटाळतील. त्यांना थांबायला शिकवा. पाखराला आपला भरवसा वाटायला वेळ लागतो. आणि एकदा पाखरं यायला लागली की ऐन उन्हाळ्यात पाणी बंद करू नका. गावाला जायचं झालं तर शेजारच्यांना सांगून जा. विहाराच्या आवारातही एक परळ ठेवू या, रोज एका घरानं पाळी घ्यावी.