अनोळखी इसम
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी येथील एका पोलीस ठाण्यातून आपल्या मंडळाकडे विचारणा झाली होती. रस्त्याच्या कडेला सापडलेल्या एका अनोळखी मृतदेहाच्या खिशात मराठी चिठ्ठी होती. डोक्यावर घाव असल्यामुळे घातपाताचा संशय होता. चिठ्ठी वाचण्यास मी गेलो. ती वाणसामानाची यादी निघाली : गोडा मसाला, आमसुले, भाजणी, आणि शेवटी 'आईच्या चष्म्याची दोरी'. नाव नाही, गाव नाही. माणूस आपल्यापैकी होता, याहून अधिक काही मला सांगता आले नाही.

खुनाच्या कथांतून 'मारले कोणी' हा प्रश्न आपण आवडीने वाचतो. प्रत्यक्ष तपासात त्याआधी 'मेले कोण' हे कळावे लागते. त्यावाचून वैर कोणाचे, देणे कोणाचे, अखेरचे कोणी पाहिले, यांतले काहीच विचारता येत नाही.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात २५ फेब्रुवारी १९५७ रोजी रानात पुठ्ठ्याच्या खोक्यात एका लहानग्याचे शव सापडले. वय सुमारे चार ते सहा. मारहाणीने मृत्यू आलेला. केस नुकतेच कापलेले. खोके बाळाच्या पाळण्याचे होते. पोलिसांनी त्याच्या चेहऱ्याची चार लाखांवर पत्रके वाटली, गॅसच्या बिलांबरोबर घरोघर धाडली. कोणी आपला म्हणून पुढे आले नाही. तपास करणाऱ्यांनीच वर्गणी काढून थडग्यावर शिळा बसविली. अधिकारी निवृत्त झाले, काही वारले, परंतु प्रकरण मिटविले गेले नाही. डीएनए आणि वंशावळींचा मेळ घालून अखेर ८ डिसेंबर २०२२ रोजी नाव जाहीर झाले : जोसेफ ऑगस्टस झरेली, जन्म १३ जानेवारी १९५३. मारेकरी मात्र सिद्ध झालेला नाही. नाव मिळायला पासष्ट वर्षे लागली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. विनोबांचे जन्मगाव म्हणून पेण तालुक्यातील गागोदे आपणांस ठाऊक आहे. त्याच परिसरात मे २०१२ मध्ये जळालेल्या स्थितीतील मानवी अवशेष आढळले. पोलीस आले, पंचनामा झाला, काही अवशेष मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले, उरलेले तेथेच पुरले. पण पुढे २०१५ साली उघडकीस आले, की खुनाचा गुन्हा तर नाहीच, साधी अकस्मात मृत्यूची नोंदही झाली नव्हती! माझे सारे आयुष्य सरकारी कागदांत गेले; एखादा कागद चुकीचा होणे मी समजू शकतो, तो होतच नाही हे समजू शकत नाही.

ऑगस्ट २०१५ मध्ये दुसऱ्याच प्रकरणात धरलेल्या एका मोटारचालकाच्या जबाबावरून ते अवशेष शीना बोरा या तरुणीचे असल्याचे पुढे आले. ती एप्रिल २०१२ पासून दिसेनाशी झाली होती, आणि अमेरिकेस गेल्याचे सांगितले जात होते. आरोपींविषयी बोलणे न्यायालयाचे काम आहे; मी बोलणार नाही. पण तीन वर्षे एका बाजूला नाव होते आणि शरीर नव्हते, दुसऱ्या बाजूला शरीर होते आणि नाव नव्हते. दोहोंमध्ये अंतर होते ते मुंबई ते पेण एवढेच. पुढे २०२४ साली तेच अवशेष सापडत नसल्याचे न्यायालयात सांगण्यात आले, आणि मग ते सीबीआयच्या दिल्लीच्या कार्यालयात मिळाले.

डीएनए असताना अडचण कसली, असे तरुण मंडळी विचारतात. डीएनए जुळविण्यास दुसरी बाजू लागते. कोणीतरी 'आमचे माणूस हरवले' म्हणून रक्ताचा थेंब द्यावा लागतो. हरवलेले आणि अनोळखी मृत यांच्या स्वतंत्र सूची ठेवण्याची तरतूद २०१९ च्या डीएनए विधेयकात होती. ते विधेयक २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. ती माहिती सरकारच्या हाती किती असावी, ही शंका मलाही रास्त वाटते. परंतु त्यापायी त्या सूचीही राहून गेल्या.

त्या यादीची एक नक्कल मी फौजदारसाहेबांच्या परवानगीने करून घेतली होती. सांगली, सोलापूर, बेळगाव येथील माझ्या परिचितांना धाडली. अक्षर ओळखीचे वाटते का, म्हणून पुसले. दोघांची उत्तरे आली, दोन्ही नकाराची. नक्कल आज बरोबर आणली आहे. सभा संपल्यावर मेजावर ठेवतो; विशेषतः भगिनींनी एकवार पाहावी.