लेकीचा वारसाहक्क : कोरियात आणि बुलढाण्यात



अजिंठा डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेल्या, बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेड गावी ही परिषद भरत आहे. बहामनी आणि खानदेशच्या फौजांची १४३७ मधील लढाई या गावाने पाहिली, आणि १५८२ मध्ये खुदावंदखान महदवी याने येथे मशीद बांधली. सय्यद मुहंमद जौनपुरी यांच्या शिकवणीतून पंधराव्या शतकात उदयास आलेला महदवी पंथ आपल्या वस्त्यांमध्ये आलेले दान सर्वांना सारखे वाटण्याचा नियम पाळत असे, त्यामुळे समतेचा विचार या मातीला नवा नाही.

कोरियन समाजातील विषमता आणि परंपरा हा परिषदेचा विषय असला, तरी त्याची वाट बुलढाण्यातूनच जाते. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये झालेली शिक्षा आणि त्यानंतर वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर झालेली टीका यांनी संतप्त होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, आणि ज्या दोषांसाठी स्त्रीला दंड होतो ते पुरुषात का चालतात, हा प्रश्न उघडपणे मांडला. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, समाजाने मात्र ते पुस्तक विस्मरणात जाऊ दिले. कोरियाच्या चित्रकार आणि लेखिका ना ह्ये-सोक यांनी १९३४ मध्ये स्वतःच्या घटस्फोटाविषयी लिहिताना पुरुष स्वतः पाळत नाहीत ते पावित्र्य स्त्रीकडून का मागतात, असे विचारले, आणि त्यांच्याही वाट्याला बहिष्कारच आला.

कोरियात ही विषमता ‘होजू’ या पद्धतीने कागदावर पक्की केली होती. होजू म्हणजे कुटुंबप्रमुख: प्रत्येक कुटुंबाची सरकारी नोंदवही त्याच्या नावाने चाले, लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या वहीतून कमी होऊन सासरच्या वहीत जाई, आणि नवरा वारला की आई व आजी यांच्या आधी घरातला तान्हा मुलगा प्रमुख ठरे. स्त्रियांनी अनेक दशके लढा दिल्यानंतर २००५ मध्ये तेथील संविधान न्यायालयाने ही पद्धत संविधानाशी विसंगत ठरवली आणि २००८ पासून ती संपली. कन्फ्यूशियसच्या विचारांचे कट्टर अनुयायी तिला प्राचीन परंपरा म्हणत राहिले. परंतु पंधराव्या शतकातील कोरियन कायद्याने मुलगे आणि मुली यांना आईवडिलांच्या संपत्तीत सारखा वाटा दिला होता, पूर्वजांचे विधी भावंडे आळीपाळीने करीत, थोरल्या मुलाचे वर्चस्व सतराव्या शतकापासून वाढले, आणि होजूला तिचे आधुनिक कायदेशीर रूप जपानी राजवटीत मिळाले. परंपरेच्या नावाने जे राखले जाते त्याचे वय तपासणे हे अभ्यासकांचे मोठे काम आहे, असे स्वागत समितीला वाटते.

कोरियाने होजू मोडीत काढण्याचा निर्णय घेतला त्याच वर्षी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, भारतात हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती लागू होऊन वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. महाराष्ट्राने १९९४ मध्येच ही सुधारणा केली होती, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. या कायद्यांच्याही आधी, १९८६ च्या चांदवड महिला अधिवेशनानंतर, शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम काढून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करण्यास उद्युक्त केले होते.

तरीही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकीला साडीचोळी मिळते आणि वारसनोंदीच्या वेळी तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. सही नाकारली तर माहेर तुटेल, ही भीती कायद्याच्या कलमाने जात नाही, कारण संकटात परतण्याचे तिचे ठिकाण तेच असते. आणि भावाच्या प्रेमाची किंमत बहिणीने जमिनीने चुकवावी, हा व्यवहार कितीही मायेने झाला तरी अन्यायाचाच आहे. निंदणी आणि कापसाची वेचणी बायांच्या हातून होते, सातबारावर नाव पुरुषाचे असते. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्राचे विशेष पॅकेज मिळालेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत बुलढाणाही होता, आणि नवऱ्यामागे शेत कसणाऱ्या बाईला पीककर्जासाठी आधी फेरफाराचे कागद घेऊन हिंडावे लागते, हे येथील ग्रामस्थांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

म्हणून कोरियाविषयीच्या निबंधांवर चर्चा होत असताना मोताळा तालुक्यातील शेतकरी महिलांनीही प्रश्न विचारावेत, आणि हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी मुलीला तिचा हक्क तिच्या भाषेत समजावून सांगण्याची सोय तलाठी कार्यालयातच कशी करता येईल, याचा मसुदा समारोपापूर्वी परिषदेने तयार करावा, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.