हंगाम दोन महिन्यांचा, हिशोब बारा महिन्यांचा

(परतवाडा येथे संघाच्या वार्षिक सभेत केलेलं भाषण)



आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. हंगामाचा धंदा आणि त्याचा पैसा. तुमच्यापैकी कितीतरी जणी पावसाळ्यात चिखलदऱ्याला भुट्टे, चहा, भजी विकायला जाता. काही जणी बहिरमच्या यात्रेत हंडीचं जेवण करता. हंगाम संपला की गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पैसा त आला वं पोरी, पण गेला कुठी?" तो कुठं गेला ते आज आपण मिळून शोधू.

चिखलदरा तसं पाहिलं तर एक बेटच आहे. चारी बाजूंनी पाणी नाही, पण जंगल आणि घाट आहे. साखर, चहापत्ती, तेल, सिलिंडर, सारं परतवाड्याहून घाट चढून जातं. म्हणून खाली १० रुपयांना पडणारी वस्तू वर १० रुपयांना पडत नाही. गिऱ्हाईक बाहेरगावचं, तेही शनिवार-रविवारचं. धुकं आणि धबधबे आहेत तोवर गर्दी, मग शुकशुकाट. वेस्ट इंडीजची खरीखुरी बेटंही अशीच चालतात. तिथं माल जहाजानं येतो, पर्यटक थंडीच्या चार-पाच महिन्यांत येतात आणि त्या कमाईवर वर्ष काढावं लागतं.

आता हिशोब करू. आकडे समजायला घेतलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा जुलै-ऑगस्टमध्ये एका ताईचे १६ दिवस धंद्याचे झाले. रोजचा गल्ला ३,००० रुपये. १६ दिवसांचे झाले ४८,०००. ऐकायला केवढे वाटतात! पण भुट्टे, दूध, साखर, कोळसा, जीपचं भाडं, जागेची पावती मिळून रोज २,००० जातात. उरले १,०००. त्यात ताई आणि तिची सून, दोघी दिवसभर उभ्या. दुसरीकडे कामाला गेल्या असत्या तर ३०० प्रमाणे ६०० मिळाले असते. ती मजुरी वजा केली की धंद्याची खरी कमाई राहते रोज ४०० रुपये, म्हणजे हंगामाचे ६,४००.

गल्ला ४८,००० आणि नफा ६,४००. पैसा जातो तो या दोन आकड्यांच्या मध्ये. आपण गल्ल्याकडे पाहून खर्च करतो, आणि हप्ता मात्र नफ्यातून द्यावा लागतो.

म्हणून घरी तीन डबे ठेवा. पहिला मालाचा, त्यात रोज २,०००. दुसरा मजुरीचा, त्यात ६००. हा घरखर्चाला मोकळा, तो तुमच्या घामाचा आहे. तिसरा धंद्याचा, त्यात ४००. पाहुणे आले, किराणा संपला, तरी पहिल्या आणि तिसऱ्या डब्याला हात लावायचा नाही.

आता कर्जाचं. या धंद्याला भांडवल किती लागतं? शेगडी, छत्री, भांडी यांचे ४,००० आणि पहिल्या दोन दिवसांच्या मालाचे ४,०००. एकूण ८,०००. पुढचा माल गल्ल्यातूनच येतो. हंगाम संपला की मालात फिरत असलेले ४,००० परत हातात येतात. ते आणि नफ्याचे ६,४०० मिळून १०,४००. त्यातून ८,००० आणि दरमहा शेकडा १ रुपया व्याज आरामात फिटतं, आणि शेगडी-छत्री पुढच्या वर्षाला राहते.

पण त्याच ताईनं धंद्याच्या नावावर २०,००० उचलले तर? वरचे १२,००० पोराच्या फीला, घराच्या पत्र्याला जातात. ती गरज खोटी नाही. पण भुट्ट्यांच्या ठेल्यानं ते फिटणार नाहीत. घरासाठी कर्ज लागत असेल तर गटात तसं उघड सांगा, आणि कापसाच्या किंवा मजुरीच्या पैशातून हप्ता बांधून घ्या. दोन्ही कर्जं एका ठेल्यावर लादली की ठेला बसतो आणि बाईचं नाव थकबाकीत जातं.

गटालाही एक सांगणं आहे. त्रिनिदाद बेटावर बायका 'सूसू' चालवतात. ही रीत आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर तिथं गेली. जमैकात तिला 'पार्टनर' म्हणतात. सगळ्या जणी ठरलेली रक्कम देतात आणि पाळीपाळीनं एकेकीला पूर्ण रक्कम मिळते. म्हणजे आपली भिशीच! तिथं गरज पाहून पाळी मागून घेता येते. आपल्या अंतर्गत कर्जातही हे करता येईल. जिचा हंगाम पावसाळ्यात, तिला जूनमध्ये कर्ज द्या. बहिरमवालीला डिसेंबरच्या सुरुवातीला द्या. आणि हप्ता हंगामातच, आठवड्याला घ्या. सोमवारी हातात पैसा असतो. दिवाळीत मागाल तर तो नसतो.

आणखी एक नाजूक गोष्ट. तुमच्या ठेल्यावरचं स्कॅनर कोणाच्या खात्याला जोडलेलं आहे? मालकाच्या की पोराच्या? मग दिवसभर तुम्ही भाजायचं आणि पैसा दुसऱ्याच्या खात्यात. भांडायची गरज नाही, पण बँकेत जाऊन स्वतःच्या खात्याचं स्कॅनर मागा. लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी "पिन टाका म्हणजे पैसे येतील" म्हटलं, तर तो लुबाडायला आला आहे. घाटावर रेंज जाते, म्हणून पैसे जमा झाल्याचं आपल्या फोनवर दिसल्याशिवाय "पाठवले" या शब्दावर जाऊ नका.

उधारीचंही तसंच. बाहेरचा माणूस रोख देतो, उधार मागतात ते आपलेच. लहान गावात नाही म्हणणं जड जातं. तेव्हा गटाचं नाव पुढं करा, "गटाचा नियम आहे जी, लिहून ठेवा लागते." वहीत लिहिलेली उधारी मागता येते, तोंडी उधारीत नातंही जातं आणि पैसाही.

शेवटचं. ग्रेनाडा नावाचं बेट जायफळावर जगायचं. २००४ च्या सप्टेंबरात इव्हान वादळ आलं आणि बहुतेक झाडं आडवी झाली. जायफळाचं झाड फळाला यायला कितीतरी वर्षं लागतात. आपल्याकडे २०२० मध्ये कोरोनानं पर्यटन बंद केलं, तेव्हा हंगामावर विसंबलेल्यांचं काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे. तिसऱ्या डब्यातून कर्ज फिटून जे उरेल ते म्हणूनच खर्चू नका. वर सांगितलेल्या ताईचे दोन हजारांच्या वर उरतात. तेवढ्यात हिवाळ्यासाठी पापड-मसाल्याचा छोटा धंदा सुरू होतो. एक हंगाम बुडाला तर दुसरा हात देतो.

येत्या बैठकीत प्रत्येकीनं वहीच्या एका पानावर तीन आकडे लिहून आणा: गल्ला, खर्च, मजुरी. लिहिता येत नसेल तर नातीला सांगा, तिलाही हिशोब कळेल. ते पान पाहूनच गटानं पुढच्या हंगामाचं कर्ज ठरवावं, एवढीच माझी विनंती.