तक्रारीआधीचा फोन



जेवणाची सुट्टी तोंडावर असताना अध्यक्षांनी लांबण लावू नये, एवढं शहाणपण इतक्या वर्षांच्या नोकरीनं मला दिलंय. तेव्हा थेट विषयालाच हात घालते.

शाळेतून फोन गेला की पलीकडून पहिला प्रश्न काय येतो? "काय केलं त्यानं?" आईचा असो, बापाचा असो, आजीचा असो, प्रश्न हाच. हा प्रश्न पालकांना आपणच शिकवला आहे. मुलानं कुणाचं डोकं फोडलं, फी थकली, आधारवरचं नाव आणि जनरल रजिस्टरवरचं नाव जुळेना, गैरहजेरी वाढली, अशाच वेळी आपल्याला पालक आठवले. मग सभेला मोजकीच डोकी दिसली की "पालकांना काही पडलेलंच नाही" म्हणायला आपण मोकळे.

कायद्यानं आपलं काम सोपं केलं असं आपल्याला वाटतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, निम्म्या जागा महिलांना दिल्या. शाळेचा विकास आराखडा करायचा, आलेलं अनुदान कसं खर्च होतं ते पाहायचं, हे त्या समितीचं काम. आणि प्रत्यक्षात? किती गावांत इतिवृत्ताची वही मोटारसायकलवरून घरोघर सह्यांना फिरते, हे या सभागृहात मी कुणाला सांगायला नको. सदस्य बाई घरी, आणि सभेला तिचे यजमान. आपणही त्यांना "या, बसा" म्हणून खुर्ची देतो. खासगी शाळांची तऱ्हा वेगळी. 2011 च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे तिथे पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती सोडतीनं निवडली जाते. पण वर्षभर ज्यांच्याशी चार शब्द बोललो नाही, त्यांच्यासमोर पहिल्यांदा फीचाच आकडा ठेवला, तर खडाजंगी होणारच.

समिती हवीच, तिच्याविरुद्ध मी नाही. पण विश्वास बसतो किंवा उडतो तो वर्गशिक्षकाच्या टेबलाशी.

आता जरा प्रगतिपत्रकाकडे वळू. त्यात वर्णनात्मक नोंदींचे रकाने असतात: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. या नोंदी तयार मिळतात, छापील पुस्तिकेत आणि आता मोबाइलवरही. निकालाच्या आठवड्यात शिक्षकावर किती कागद पडतात ते मी जाणते, त्यामुळे मला रागही येत नाही. पण मागच्या बाकावर मुलीच्या शेजारी अवघडून बसलेली आई ते वाचत असते. "चित्रकलेत रस घेते," असं लिहिलेलं. तिला माहीत असतं की तिची लेक रंगपेटीला हात लावत नाही. ती मळ्यात मजुरांचा हिशेब तोंडी करते आणि वडिलांची चूक काढते. आई काही बोलत नाही, सही करते. त्या क्षणी तिला कळतं की ही मॅडम माझ्या मुलीला ओळखत नाही. पुढे "तिचं वाचन कच्चं आहे" हे मॅडमनी अगदी खरं सांगितलं, तरी ती ते का ऐकेल?

हेच उलटं करून पाहा. "घरी ती काय काय करते, सांगा ना," असं आधी विचारा. मजुरांच्या हिशेबाची गोष्ट बाहेर येते. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला तीच उदाहरणं फळ्यावर येतात. आईकडे असलेलं ज्ञान आपल्याकडे नाही, हे मान्य करणारा शिक्षक माझ्या लेखी आत्मविश्वासाचा शिक्षक.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी झालाय, पण त्यामागे शाळेनं आधी उंबरठा ओलांडायचा ही रीत होती.

बीडसारख्या जिल्ह्यांत तर याला पर्यायच नाही. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचे कोयते बाहेर पडतात, ते उन्हाळा लागल्यावर परततात. मूल हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे ठेवायचं, म्हणजे ते कुणाच्या तरी भरवशावर सोडायचं. तो भरवसा आदल्या जून-जुलैत मिळवलेला असतो. ट्रॅक्टर निघायच्या दिवशी समजूत घालायला गेलेला शिक्षक हमखास रिकाम्या हातानं परततो.

आता शिक्षकांची बाजू. रात्री अकराला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "उद्या डबा कोणता?" इथपासून "तुम्ही शिकवता तरी काय?" इथपर्यंत सगळं येतं. शिक्षकही पालकांना घाबरतात, हे उघड बोललं पाहिजे. याचा बंदोबस्त मुख्याध्यापकांनी करायचा. ग्रुपवर फक्त सूचना, मुलाविषयीचं बोलणं समोरासमोर, आणि भेटीची वेळ ठरलेली. पालकासमोर शिक्षकाचा पाणउतारा करू नका, काय सांगायचं ते नंतर दार लावून सांगा. मात्र मुलाला मारलं, अपमानित केलं, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 आहे. तिथे आपल्या माणसाला पाठीशी घालणारा मुख्याध्यापक सगळ्या शाळेची पत घालवतो.

आणखी एक. आपल्या राज्यात पाचवी-आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली, नापासाला पुनर्परीक्षा आली. मूल मागे आहे हे पालकांना मे महिन्यात पहिल्यांदा कळणार असेल, तर त्यांनी आपल्यावर चिडू नये अशी अपेक्षा धरण्याचा आपल्याला हक्क नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी सांगा, आणि सांगताना घरी कुणी काय करायचं, शाळेत आपण काय करणार, हेही ठरवून उठा. ज्या आईला वाचता येत नाही तीही रोज संध्याकाळी मुलाला मोठ्यानं वाचायला बसवू शकते.

विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतील, बाकीच्या जूनच्या मध्याला. माझी विनंती एवढीच की जुलै संपेपर्यंत प्रत्येक वर्गशिक्षकानं प्रत्येक घरी एकदा फोन करावा किंवा जाऊन यावं, आणि त्या बोलण्यात एकही तक्रार नसावी. पटसंख्या साठ असेल तर रोज दोन-तीन फोन पुरतात. त्यासाठी वर्गशिक्षकांना आठवड्यातले दोन तास मोकळे द्यावेत, असा ठराव दुपारच्या खुल्या अधिवेशनात कुणीतरी मांडावा. अनुमोदन द्यायला मी उभी राहते.