लाजेची थकबाकी

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



मला बँकेतल्या आठवणी सांगायला उभं केलं आहे. पण मी आज प्रोस्टेटवर बोलणार आहे. लेकी-सुना बसल्या आहेत, तरी बोलतो. न बोलल्यामुळे काय भोगावं लागतं, ते मला ठाऊक आहे.

साठी उलटली आणि मी रात्री तीन-चारदा उठू लागलो. धार बारीक, जोर लावावा लागे. वय झालं म्हणून सोडून दिलं. नागपूरला जायचं तर सकाळपासून पाणी पीत नसे. नवरात्रात केळापूरच्या जगदंबेला जाणंही बंद केलं. रांगेत उभं राहायची धास्ती. घरी मात्र गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

मग एका थंडीत सर्दी झाली. स्वतःच दुकानातून गोळी आणून घेतली आणि त्या रात्री लघवी पूर्ण बंद झाली. पोट तट्ट फुगलं, जीव कासावीस. रात्री दोन वाजता शेजारच्या मुलाने गाडी काढून यवतमाळला नेलं. नळी घातली तेव्हा जिवात जीव आला. डॉक्टर म्हणाले, "काका, सर्दीच्या काही गोळ्यांनी असं होतं. पण इतकी वर्षं होता कुठं?"

मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी ही ग्रंथी असते. तिच्यामधून मूत्रनळी जाते. वयानुसार ग्रंथी वाढते आणि नळी आवळते. साठीच्या घरातल्या जवळपास निम्म्या पुरुषांची ती वाढलेली असते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण लघवी करून आल्यावरही पिशवीत शिल्लक राहू लागली, तर ती थकबाकी साचते. मग जंतुसंसर्ग, खडे आणि शेवटी किडनीवर ताण.

उपचार आहेत. टॅम्सुलोसिनसारख्या गोळीने नळीभोवतीचे स्नायू सैल पडतात, काही दिवसांत फरक जाणवतो. मात्र चक्कर येऊ शकते. पलंगावरून एकदम उठू नका. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ही गोळी चालू असल्याचं किंवा पूर्वी घेतल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. फिनास्टेराइडसारख्या गोळीने ग्रंथी आकसते, पण सहा महिने धीर धरावा लागतो. एवढ्याने भागलं नाही तर दुर्बिणीतून, पोट न फाडता ऑपरेशन होतं. माझं तेच झालं. काही दिवस नळी राहिली, त्रास झाला. पण आता रात्री एकदाच उठतो.

पीएसए ही रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून करा. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही, संसर्गानेही वाढतो. उलट कॅन्सरची सुरुवात लक्षणांशिवाय होऊ शकते. लघवीत रक्त दिसलं, ताप-थंडी आली किंवा लघवी अडली तर मात्र सकाळची वाट पाहू नका.

नेल्सन मंडेलांचं 1985 मध्ये तुरुंगात असतानाच प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. 1994 मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. 2001 मध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, किरणोपचार घेतले आणि 2013 पर्यंत, 95 वर्षं जगले. आपण सोसायटीचा जिना उतरायला का भ्यावं?

घरच्या घरी एवढं करा. आपल्याकडच्या उन्हात पाणी तोडू नका. दिवसा भरपूर प्या, संध्याकाळनंतर चहा-पाणी कमी करा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. न्हाणीच्या वाटेवर रात्री दिवा ठेवा. आणि वहिनींनो, यजमान रात्री वारंवार उठत असतील तर तुम्हीच विचारा. तो माणूस आपणहून सांगणार नाही.

शेवटी एक कबुली. आपलं सभागृह बांधलं तेव्हा मी खजिनदार होतो. अंदाजपत्रकातून तिथलं प्रसाधनगृह मीच कापलं. 'घरं जवळच आहेत, कशाला हवं?' असं म्हणालो होतो. पुढे त्याच सभागृहातून सभा अर्धवट सोडून मीच घरी पळत होतो. काही मंडळींनी सभेला येणंच सोडलं. कारण कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही.

रौप्यमहोत्सवी वर्षात ते प्रसाधनगृह बांधावं, आत धरायला दांडी आणि दिवा असावा, अशी कार्यकारिणीला विनंती करतो. पहिली पावती माझ्या नावाने फाडा.